चोपाऊ ते उद्यमनगर

आमच्या वर्कशॉपात शर्यतीच्या हंगामाची सुरुवात खंडेनवमीला होते. त्या दिवशी लेथ, बोअरिंग मशीन, ड्रिल, पान्यांचा बोर्ड या सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूची माळ. मशीन बंद. दुसऱ्या दिवशी सोनं लुटून झालं, की त्यानंतर सवडीनं दोन यामाहा आरएक्स 100 गाड्या बाकावर चढतात आणि त्यांची इंजिनं खाली उतरतात. पाऊस सरून जमीन वाळली, की आपल्याकडे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती सुरू होतात. त्यांतल्या काही स्थानिक शर्यतींत टू-स्ट्रोक गाड्यांचा वेगळा वर्ग अजून टिकून आहे. आमच्या दोन गाड्या त्या वर्गातल्या. एक माझा मुलगा चालवतो, दुसरी आमच्या मेस्त्रींचा नातू.

गेल्या वर्षी ही सवड डिसेंबरातच मिळाली. ऊस सुरू झाला की गुऱ्हाळांच्या चरकांची आणि इंजिनांची कामं येतात, ती पोटाची कामं. त्यांना थांबवता येत नाही. आणि नेमका डिसेंबरात दादा सहकुटुंब तीन आठवड्यांसाठी घरी आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जर्मनीत, सॅक्सनीतल्या केम्निट्झ शहरात तो गेली पंचवीस-तीस वर्षं आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर कमी करणं हाच त्याचा व्यवसाय. माझा मात्र एक छंद असा, की वर्षातून दोन महिने मी जगातल्या सर्वांत धुराड्या इंजिनांची सेवा करतो. त्यात भर म्हणून दादा या खेपेला एका कामासाठी आला होता. शिवाजी उद्यमनगरातली वडिलांची शेड आम्हा दोघांच्या नावावर आहे. तिला गिऱ्हाईक आलं होतं, चांगली किंमत देत होतं, आणि दादाचं परतीचं विमान सुटायच्या आत त्याला होय की नाही ते हवं होतं.

हा लेख शेडीबद्दल नाही, गाड्या तयार करण्याबद्दल आहे. पण त्या तीन आठवड्यांत दोन्ही गोष्टी एकाच बाकावर पडलेल्या होत्या, म्हणून आधी सांगून ठेवलं.

आरएक्स 100 आपल्याकडे 1985 साली आली आणि 1996पर्यंत बनत राहिली. तिचा बोअर 50 मिलिमीटर, पिस्टनची धावही 50 मिलिमीटर, म्हणून आकारमान 98 सीसी. टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे उघडझाप करणारे व्हॉल्व्ह माथ्यावर नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात आणि त्या उघडण्या-मिटण्याचं काम वर-खाली जाणारा पिस्टन स्वतः करतो. पिस्टन खाली येऊ लागला की प्रथम धूर बाहेर जाण्याची मोठी खिडकी उघडते, पाठोपाठ बाजूच्या लहान खिडक्या उघडतात आणि त्यांतून क्रँककेसमध्ये दाबून ठेवलेलं हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण आत उसळतं. म्हणजे काही क्षण दोन्ही दारं एकदम उघडी. पुढच्या दारानं पाहुणे येतात आणि मागच्या दारानं जुने बाहेर पडतात. त्या गर्दीत नुकतेच आलेले काही पाहुणेही मागच्या दारानं निघून जातात.

दादाचा आक्षेप इथंच होता. साध्या टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, न जळताच धुराड्यात जातो. हे त्यानं पहिल्याच संध्याकाळी जेवताना सांगितलं, आणि ते खरं आहे. मी वाद घातला नाही. आईच म्हणाली, ‘‘अरे, आला नाहीस तोवर धूर काढलास. भाकरी खा आधी.’’

मेस्त्रींकडे याचं वेगळं उत्तर आहे. त्यांच्या मते टू-स्ट्रोकची सगळी विद्या ही निघून जाणाऱ्या पाहुण्यांना परत घरात कसं ओढायचं याची विद्या आहे. ती विद्या कुठून आली हे शोधायला गेलो, तेव्हा मजेदार गोष्ट हाती लागली: ती दादाच्या घरापासून मोटारीनं अर्ध्या तासाच्या आत असलेल्या एका लहान गावातून आली.

गावाचं नाव चोपाऊ. केम्निट्झच्या दक्षिणेला, नदीकाठी. तिथं योर्गन रासमुसेन या डॅनिश गृहस्थानं डीकेडब्ल्यू ही कंपनी उभी केली आणि 1920च्या दशकाच्या अखेरीस ती जगातली सर्वांत मोठी मोटरसायकल कंपनी झाली. तिच्या गाड्या टू-स्ट्रोक होत्या. त्या काळच्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या डोक्यावर उंचवटा असे. आत येणारं मिश्रण त्यावर आदळून वर वळावं आणि सरळ बाहेर पळू नये, यासाठी. पण त्या उंचवट्यानं पिस्टन जड होई आणि तापे. आडोल्फ श्न्युर्ले या जर्मन अभियंत्यानं वेगळा विचार केला: आत येण्याच्या खिडक्या अशा तिरक्या कापायच्या, की दोन्ही बाजूंचे झोत मागच्या भिंतीकडे जाऊन एकमेकांना भिडतील, तिथून वर चढतील, माथ्यावरून वळसा घेतील आणि जुन्या धुराला पुढं ढकलत खाली येतील. पिस्टनचं डोकं मग सपाट ठेवता येतं. डीकेडब्ल्यूनं ही रचना 1930च्या दशकात आपल्या गाड्यांत घेतली. आज आमच्या बाकावर उघडून ठेवलेल्या सिलिंडरात बोट घातलं, की बोटाला लागतो तो तिरकेपणा श्न्युर्लेचा.

1939च्या सुमारास हेर्मान वेबर या डीकेडब्ल्यूच्या अभियंत्यानं आरटी 125 नावाची हलकी, साधी गाडी तयार केली. युद्धात जर्मनी हरली आणि या गाडीचे आराखडे भरपाई म्हणून जेत्यांच्या हाती गेले. वेबरला सोव्हिएत संघात नेण्यात आलं आणि तिथंच तो वारला. त्याच्या गाडीनं मात्र जगभर घरं केली. इंग्लंडात बीएसएची बँटम, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची 125, रशियात मॉस्क्वा, सगळ्या तिच्याच नकला. आणि 1955 साली जपानात पियानो-पेट्या बनवणाऱ्या एका कंपनीनं आपली पहिली मोटरसायकल काढली ती वायए-1, तीही आरटी 125 समोर ठेवूनच. ती कंपनी यामाहा. त्याच वर्षी वायए-1 फुजी पर्वतावरच्या चढाच्या शर्यतीत जिंकली. आरएक्स 100 तिच्याच घराण्यातली, तीस वर्षांनी धाकटी.

हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. चोपाऊजवळच्या आउगुस्टुसबुर्ग किल्ल्यात मोटरसायकलींचं संग्रहालय आहे, तिथं तो कितीदा तरी पाहुण्यांना घेऊन गेला होता. आपल्या धाकट्या भावाच्या तेलकट बाकाशी त्याचा संबंध असेल असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. मग त्यानंच भर घातली. वडिलांची पहिली गाडी जावा; म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीनं 1961पासून बनवलेली. जावा हे नाव यानेचेक या चेक कारखानदाराच्या आडनावातली पहिली दोन अक्षरं आणि वांडरर या जर्मन कंपनीच्या नावातली पहिली दोन अक्षरं जोडून झालंय. 1929 साली यानेचेकनं वांडररच्या 500 सीसीच्या, फोर-स्ट्रोक गाडीचे हक्क घेतले होते. वांडरर मूळची केम्निट्झची. ‘‘म्हणजे बाबा आयुष्यभर माझ्याच गावाच्या गाडीवरून फिरले,’’ दादा म्हणाला. वहिनींनी त्याला ताबडतोब दुरुस्त केलं: ‘‘तुमचं गाव कोल्हापूर.’’

पण शर्यतीच्या दृष्टीनं चोपाऊचं सर्वांत मोठं देणं युद्धानंतरचं आहे. गाव पूर्व जर्मनीत गेलं, कारखान्याचं नाव एमझेड झालं, आणि तिथल्या शर्यत विभागात वाल्टर काडेन हा अभियंता आला. पैसा नाही, धड मिश्रधातू मिळत नाहीत, अशा स्थितीत त्यानं टू-स्ट्रोकच्या धुराड्याकडे लक्ष वळवलं. धुराडं म्हणजे घाण बाहेर टाकायची नळी, असं तोवर बहुतेकांना वाटे. काडेननं त्याला इंजिनाचा भाग मानलं. 1961 साली त्याच्या 125 सीसीच्या इंजिनानं 25 अश्वशक्ती दिली. म्हणजे लिटरमागे 200, आणि तीही बाहेरून हवा न कोंबता.

त्याची युक्ती अशी. धुराची खिडकी उघडली की दाबाची एक लाट नळीतून पुढं धावते. नळी पुढं नरसाळ्यासारखी रुंद होत गेली, तर त्या रुंदीवरून उलटी, शोषणारी लाट मागं येते. ती सिलिंडरातला जुना धूर खेचून घेते आणि त्याबरोबर थोडं ताजं मिश्रणही. मग नळी पुन्हा निमुळती होते. त्या उतारावर आपटून दाबाची लाट परत फिरते आणि नळीत आलेल्या ताज्या मिश्रणाला ढकलून सिलिंडरात कोंबते, खिडकी मिटायच्या अगदी आधी. मेस्त्रींचे पळून जाणारे पाहुणे परत घरात येतात ते असे.

प्रश्न वेळेचा असतो आणि त्याचं गणित शाळेतलं आहे. आमच्या पहिल्या गाडीत धुराची खिडकी क्रँकच्या 190 अंशांत उघडी राहते. इंजिन मिनिटाला 9000 फेरे फिरत असेल, तर एका सेकंदात 54,000 अंश. म्हणजे खिडकी उघडी राहते सुमारे साडेतीन हजारांश सेकंद. तापलेल्या धुरात लाटेचा वेग सेकंदाला 500 मीटर धरला, तर एवढ्या वेळात ती 1 मीटर 76 सेंटिमीटर जाईल. जाणं-येणं धरून निम्मं करा: 88 सेंटिमीटर. खिडकीपासून निमुळत्या नळकांड्याच्या मध्यापर्यंत एवढी लांबी हवी. तीच कमाल ताकद 8000 फेऱ्यांवर हवी असेल, तर लांबी 99 सेंटिमीटर. मातीच्या ट्रॅकवर वळणातून बाहेर पडताना खालची ओढ लागते, म्हणून आम्ही बहुधा नळी लांब ठेवतो. गॉर्डन जेनिंग्ज या अमेरिकन लेखकाचं 1973 सालचं टू-स्ट्रोकवरचं हँडबुक आहे, त्यात या सगळ्याची सूत्रं आहेत. त्याची झेरॉक्सची झेरॉक्स आमच्याकडे आहे, निम्मे आकडे बोटांच्या ठशांखाली गेलेले.

माझी पुतणी सोळा वर्षांची आहे. ती पहिले दोन दिवस कंटाळली आणि तिसऱ्या दिवसापासून वर्कशॉपात मुक्कामाला आली. तिनं फोनवर आवाजाची कंपनं मोजणारं एक ॲप उघडलं. एक सिलिंडरचं टू-स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला एकदा पेटतं, म्हणजे 9000 फेऱ्यांना सेकंदाला 150 ठोके. मी तिला घरची पेटी काढून दाखवली: खालच्या सप्तकातली पांढरी दोन म्हणजे साधारण 147. गाडी त्या सुरात येऊन जराशी वर सरकली, की समजावं, नऊ हजार झाले. मीटर आमच्या गाडीला नाहीच. मेस्त्री कानानं ओळखतात. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात सूर ओळखणाऱ्यांची वाण नसावी हे बरोबरच आहे, पण एवढ्या धुरात बसून ओळखणारे थोडे.

तिनंच मग अंशांची चकती क्रँकला लावून दोन्ही गाड्यांच्या खिडक्या मोजल्या. पहिली 190 अंश, दुसरी 184. तिनं वडिलांना सांगितलं. दादानं मान हलवली. म्हणजे हाताचं काम असंच असायचं, असा तिचा अर्थ. सहा अंशांचा फरक म्हणजे आमच्या इंजिनात खिडकीच्या कडेचा सव्वा मिलिमीटर. मेस्त्री लेथवरून न वळताच म्हणाले, ‘‘मुद्दाम हाय त्ये, साहेब. माझा नातू वळणात थ्रॉटल सोडतोय. त्याला खालनं वढणारी गाडी पायजे. तुमच्या पुतण्याला वर पळणारी लागती.’’ दादा पुतणीच्या हातातली चकती घेऊन स्वतः खाली बसला आणि पुन्हा मोजलं. 184. आधीच्या हंगामाच्या वहीत मेस्त्रींच्या अक्षरात तेच लिहिलेलं होतं: ‘पोरासाठी 184’.

बाकीची कामं थोडक्यात सांगतो, कारण ती सगळीकडे सारखीच. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजनं पाहायचा, वाकडा असेल तर तांब्याच्या हातोडीनं सरळ करायचा. बोअर मारून पिस्टन बसवताना दोन थाऊ, म्हणजे 0.05 मिलिमीटर, मोकळीक. नव्या पिस्टनला खिडकीच्या कडांवर रिंग अडकू नये म्हणून कडा कानशीनं मोडायच्या. रीडच्या पात्यांना चीर आहे का ते उजेडात धरून बघायचं. पुढचे शॉकअप जाड तेलानं भरायचे, मागचं चक्र दोन दात मोठं, दिवे-आरसे सगळे उतरवायचे, आणि तेल निथळेल असा प्रत्येक बोल्ट तारेनं बांधायचा.

कार्बोरेटरवर मात्र थांबायला हवं. तेलाचा पंप आम्ही काढून टाकतो आणि पेट्रोलातच तेल मिसळतो, लिटरला 40 मिली. पूर्वी शर्यतीत एरंडेल वापरत. तापलेल्या धातूला ते चिकटून राहतं. कॅस्ट्रॉल या नावातच इंग्रजीतलं एरंडेल आहे. त्याचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. पण एरंडेल पेट्रोलात नाखुशीनं मिसळतं, अल्कोहोलात सहज. आणि अल्कोहोल आता पंपावरच मिळू लागलंय. आपल्याच पट्ट्यातल्या साखर कारखान्यांचं इथेनॉल पेट्रोलात मिसळून येतं. प्रमाण आता 20 टक्क्यांवर गेलं आहे. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे 14.7 भाग लागतात, इथेनॉलला 9. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेत आठेक टक्के जास्त इंधन सोडावं लागतं, नाहीतर इंजिन कोरडं चालतं, तापतं आणि पिस्टन पकडतो. ज्यांच्या डब्यात जुने जेट आहेत त्यांनी ते एकदा मोजून पाहावेत. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी दोन महिने उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करणं हाच उपाय.

उंचीचाही हिशेब असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. इथली हवा चेन्नईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब 1953चा. शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर त्याच्या शर्यती होत, नंतर इरुंगट्टुकोट्टईला पक्का ट्रॅक झाला. आपल्याकडून तिकडं गाड्या नेणाऱ्यांना पहिला धडा हाच मिळे: घरी अचूक बसलेला जेट तिकडं तीनेक टक्के अपुरा पडतो. तपासायची रीत जुनीच आहे. पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवायची, क्लच दाबून तिथल्या तिथं इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. चिनी माती खारीच्या रंगाची असेल तर बरोबर, पांढरी असेल तर इंधन कमी, काळी ओली असेल तर जास्त.

ही चाचणी आम्ही गावाबाहेर एका वाळलेल्या शेतात घेतली. दादा सोबत होता. परत येताना गाडीत मी त्याला एर्न्स्ट डेगनरची गोष्ट सांगितली, कारण काडेनची गोष्ट तिच्याशिवाय पुरी होत नाही. डेगनर एमझेडचा चालक आणि काडेनचा जवळचा माणूस. 1961 साली स्वीडनमधल्या शर्यतीनंतर तो पश्चिमेला पळून गेला. बायको-मुलं त्याच सुमारास मोटारीच्या डिकीत लपून पूर्व जर्मनीबाहेर निघाली. जाताना तो काडेनची विद्या घेऊन सुझुकीकडे गेला, आणि 1962 साली 50 सीसीचं पहिलंच जागतिक अजिंक्यपद सुझुकीसाठी जिंकला. जपानातल्या सुझुका ट्रॅकवर एका वळणाला आजही त्याचं नाव आहे. काडेन मात्र चोपाऊतच राहिला. अपुऱ्या साहित्यावर इंजिनं तयार करत राहिला, आणि त्याची लाट मग जगातल्या प्रत्येक टू-स्ट्रोकच्या धुराड्यात शिरली. आमच्याही.

‘‘मी डेगनर आणि तू काडेन, असं म्हणायचंय का तुला?’’ दादानं विचारलं.

‘‘तू काही चोरून नेलं नाहीस,’’ मी म्हणालो. ‘‘पण शेड विकली तर मेस्त्री कुठं जातील, ते सांग.’’

त्याला उत्तर सुचलं नाही, आणि खरं तर मलाही नाही. मेस्त्री बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांचा नातू उत्तम गाडी चालवतो, पण त्याला बोअरिंग शिकायचं नाही. तो बॅटरीच्या गाड्यांचा कोर्स करतोय आणि ते शहाणपणाचं आहे. आरएक्सचा चांगला सिलिंडर आता जुन्या बाजारातच मिळतो, आणि हौशी लोकांनी भाव कुठल्या कुठं नेलेत. दादाचं म्हणणं मी आजही खोडून काढू शकत नाही: ही इंजिनं रस्त्यावरून गेली ते बरंच झालं. शाळेपुढं उभ्या असलेल्या पोरांच्या नाकात तो निळा धूर जाणं कुणाच्या भल्याचं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच, की खिडकीच्या कडेचा सव्वा मिलिमीटर कुठल्या पोरासाठी वर आणि कुठल्यासाठी खाली ठेवायचा, हे कळायला पन्नास वर्षं लागली आहेत, आणि ते झेरॉक्समध्ये नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री आई, दादा, वहिनी आणि मी बसलो. वहिनींनी हिशेब कागदावर मांडला, बहुतेक वेळा त्याच मांडतात. ठरलं असं: गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं, दोन वर्षं. शेडीचा मागचा निम्मा भाग भाड्यानं द्यायचा, भाडं दादाच्या वाट्याचं. बोअरिंग मशीन आणि बाक पुढच्या भागात राहील. दोन वर्षांनी पुन्हा बसायचं. आई म्हणाली, ‘‘मी असेन का तेव्हा?’’ कुणी बोललं नाही.

जानेवारीतल्या शर्यतीत मुलगा चौथा आला, मेस्त्रींचा नातू दुसरा. 184 अंशांवर. दादाला निकाल कळवला तेव्हा त्यानं उलट प्रश्न पाठवला: वळणांची त्रिज्या किती होती, आणि नळी 88ची की 99ची? पुतणीनं चकतीवरची सगळी मापं एका तक्त्यात नीट मांडून पाठवली आहेत, मराठीत. मेस्त्रींना वाचता यावीत म्हणून अक्षर मोठं ठेवलंय. यंदाच्या खंडेनवमीला तो तक्ता आम्ही बोर्डावर पान्यांशेजारी लावला. मागच्या भागातल्या भाडेकरूनंही त्याच्या मशीनला झेंडूची माळ घातली होती. या खेपेला इंजिनं लवकर उतरवली आहेत. दुसऱ्या गाडीचा बोअर पुन्हा मारावा लागणार असं दिसतंय, आणि 50.50चा पिस्टन अजून मिळालेला नाही.